भिंत पाडली ठेकेदाराने, भरपाई द्यायची कोणी?

वाचकाचं पत्र: आम्ही ऐरोलीत सिडकोच्या जुन्या रो-हाउसमध्ये राहतो. घर ओळीतलं शेवटचं, बाजूने रस्ता. एप्रिलअखेर महानगरपालिकेच्या ठेकेदाराने पावसाळी गटारासाठी आमच्या कंपाउंडला लागून चर खणला. ८ मेच्या रात्री अवकाळी पाऊस झाला आणि पहाटे आमची तीस फूट भिंत चरात गेली. आत भिंतीला लागून उभी असलेली स्कूटर तिच्यासोबत गेली, लोखंडी गेट वाकलं, ओट्याच्या फरश्या खचल्या. आठ दिवसांनी पुढच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग दिसू लागली. भिंत पडल्याच्या तिसऱ्याच दिवशी ठेकेदाराने सगळा राडारोडा उचलला होता. आता गटार बांधून वर स्लॅबही पडला. पालिकेचे इंजिनिअर म्हणतात, ‘ठेकेदाराकडून करून घेऊ, अर्जाबिर्जाची गरज नाही.’ ठेकेदाराचा माणूस वीस हजार रुपये आणि एक टाइप केलेला कागद घेऊन येतो. वरचा मजला सासऱ्यांनी मागाहून चढवला होता, ‘त्याची परवानगी आहे का’ असंही तो सुचवून गेला. हे म्हणतात, मिळतंय ते घ्यावं. काय करू? – एक वाचक, ऐरोली

ताई, आधी त्या टाइप केलेल्या कागदाचं बघू, कारण घाईची गोष्ट तेवढीच आहे. सही करू नका. अशा कागदात बहुतेक वेळा ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द असतात आणि ‘यापुढे माझी ठेकेदार वा महानगरपालिका यांच्याविरुद्ध कोणतीही मागणी राहणार नाही’ असं वाक्य असतं. वीस हजारांत तुमची भिंतही उभी राहणार नाही आणि खिडकीची भेग अजून कुठवर जाते हे कोणालाच माहीत नाही. भेगेचा शेवट कळायच्या आत तिच्या भरपाईवर पाणी सोडायचं नाही. माणूस पुन्हा आला तर कागदाची एक प्रत वाचायला मागा. देत नसेल तर मोबाइलवर फोटो काढू द्या म्हणा. ठेकेदाराने काही रक्कम देऊ केली होती याचा पुरावा म्हणूनही तो कागद कामाला येतो.

दुसरी गोष्ट दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या (जुनं नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९) कलम ४८७ नुसार, पालिकेने कायद्याखाली केलेल्या कामाबद्दल किंवा त्यातल्या हलगर्जीपणाबद्दल दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, नोटिशीनंतर एक महिना थांबावं लागतं आणि दावा मात्र घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. भिंत ९ मेच्या पहाटे पडली, पण हिशेब एक दिवस अलीकडे, ८ मेपासूनच धरा. म्हणजे ८ नोव्हेंबरच्या आत दावा आणि त्याआधी पुरता महिना नोटिशीचा. शिवाय कोर्टाच्या दिवाळीच्या सुट्ट्या त्याच सुमारास येतात. नोटिशीचा महिना मुदतीतून वजा होतो की नाही यावर वकील वाद घालू शकतात, पण तुम्ही त्या वादाच्या भरवशावर राहू नका. नोटीस जुलैअखेर गेलेली बरी. ‘करून घेऊ’ हे उत्तर सहा महिने रोज ऐकायला मिळतं, आणि सातव्या महिन्यात विधी विभागाचं पत्र येतं की दावा मुदतबाह्य आहे. इंजिनिअरसाहेबांचा हेतू चांगलाही असेल. पण तोंडी आश्वासनाने मुदत थांबत नाही.

याच कलमातल्या आणखी दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. नोटिशीत जे कारण लिहिलं नाही, त्याचा पुरावा पुढे कोर्टात मांडू देत नाहीत. म्हणून भेग आज केसाएवढी असली तरी नोटिशीत तिचा उल्लेख हवा, ‘ती वाढत असल्याने तिचा अंतिम खर्च राखून ठेवत आहे’ या शब्दांसह. आणि दावा लावण्यापूर्वी पालिकेने पुरेशी रक्कम देऊ केली असेल, तर भरपाईचा दावा फेटाळला जातो. म्हणजे पुढे रास्त रक्कम लेखी समोर आली, तर केवळ रागापोटी ती नाकारू नका.

आता ‘आमचं नाही, ठेकेदाराचं’ या उत्तराकडे. काम कोणाचं, हा प्रश्न नवी मुंबईत खरोखरच विचारावा लागतो. रस्ता पालिकेचा असतो, केबल वीज कंपनीची, पाइप गॅस कंपनीचा, औद्योगिक पट्ट्यातला रस्ता एमआयडीसीचा. तुमच्याकडे पावसाळी गटार आहे, म्हणजे काम पालिकेचं. तरी कामाचा फलक अजून उभा असेल तर आजच त्याचा फोटो काढा. कामाचं नाव, ठेकेदाराचं नाव, मुदत हे सगळं त्यावर असतं. ठेकेदार नेमला म्हणून पालिकेची जबाबदारी सरसकट संपत नाही. शेजारच्या जागेचा आधार काढून घेणारं खोदकाम हे मुळातच धोक्याचं काम, आणि अशा कामात काळजी घेतली जाते की नाही हे पाहणं काम करवून घेणाऱ्याचं कर्तव्य. म्हणून भरपाईचा अर्ज आणि नोटीस दोघांच्याही नावे, संयुक्त जबाबदारी मागून द्या. दोघांतली वाटणी त्यांची त्यांनी करावी.

‘पाऊस पडला, त्याला आम्ही काय करणार’ हेही ऐकायला मिळेल. ठाणे-नवी मुंबईत मेमध्ये वळवाची सर येते हे चर खणणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे. खोदकामाच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक आहे, आयएस ३७६४. मातीतला चर दीड मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पाच फुटांपेक्षा खोल असेल तर बाजूंना फळ्या-टेकू लावून आधार द्यायचा, असं ते सांगतं. साइटवर याला शोरिंग म्हणतात. आणि खोली कितीही असली तरी एक साधं गणित आहे. तुमच्या भिंतीचा पाया दोन फूट खोल आणि चर साडेपाच फूट असेल, तर चर पायापेक्षा साडेतीन फूट खाली गेला. पायाच्या तळापासून ४५ अंशांत खाली रेघ ओढली, तर असा चर भिंतीपासून निदान साडेतीन फूट लांब हवा. कंपाउंडला लागून खणला, वर खोदलेल्या मातीचा ढीग काठावरच टाकला, शोरिंग नाही आणि त्यात पाणी साचलं, की पायाखालची माती चरात घसरते. खाडीकडच्या भरावाच्या जमिनीत तर लवकर घसरते. पावसाने ही भिंत एकट्याने पाडलेली नाही.

पण चर आता बुजला, स्लॅब पडला. किती खोल होता हे कसं सिद्ध करणार? इथे एक कागद आहे जो ठेकेदाराला लपवून चालत नाही: मोजमाप पुस्तिका, कचेरीच्या भाषेत एमबी. खोदकामाचं बिल खोलीवर निघतं. दीड मीटरपर्यंत एक दर, त्याखालच्या दीड मीटरला वाढीव दर. म्हणजे चर पाच फुटांपेक्षा खोल गेला असेल तर ते ठेकेदाराने स्वतःच मोजून, इंजिनिअरच्या सहीने पुस्तिकेत लिहून घेतलेलं असतं, नाहीतर त्याला पैसे मिळाले नसते. तीच नोंद तुमचा पुरावा. आणि अंदाजपत्रकात शोरिंगची बाब धरली होती का, तिचे पैसे दिले गेले का, हेही त्याच कागदांत निघतं. शोरिंगचं बिल घेतलेलं आणि शेजाऱ्यांच्या फोटोत चर उघडाबोडका, असं निघालं तर मग कचेरीत तुम्हाला फारसं काही बोलावं लागत नाही.

हे कागद माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. लांबलचक तक्रार लिहिली तर अर्ज त्याच कारणाने परत येतो. एवढंच लिहा:

‘ऐरोली, अमुक सेक्टर, अमुक रस्त्यालगतच्या पावसाळी गटाराच्या कामाबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात: १) कार्यादेश व करारातील अटी-शर्ती, २) मंजूर अंदाजपत्रक, ३) मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, ४) ठेकेदाराने सादर केलेली विमा पॉलिसी, ५) ८ मे ते आजपर्यंत या ठिकाणच्या स्थळपाहणीचे अहवाल व टिपणी. तसेच नस्ती प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मिळावी.’

उत्तराला तीस दिवस. नाही आलं तर पहिलं अपील तीस दिवसांत. नस्ती, म्हणजे कामाची फाइल, पाहायची परवानगी मिळाली तर जरूर जा, कारण टिपणीत कोणत्या अधिकाऱ्याने काय शेरा मारला हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही.

चौथ्या क्रमांकाची विमा पॉलिसी मुद्दाम मागवली आहे. बहुतेक निविदांत ठेकेदाराने कामाचा विमा काढायचा आणि त्यात त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीचं संरक्षण घ्यायचं, अशी अट असते. तुम्ही त्या अर्थाने त्रयस्थ. पॉलिसी असेल तर ठेकेदाराला स्वतःच्या खिशातून द्यावं लागत नाही, आणि मग त्याचा सूर बदलतो. पण विमा कंपनीला वेळेत कळवायची जबाबदारी त्याची. त्याने कळवलं का, हे भरपाईच्या मुख्य अर्जात विचारा.

आता पुरावा गोळा करायला लागा. भिंत पडल्यानंतर आणि राडारोडा उचलायच्या आधीचे दोन दिवस तुमच्याकडे कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये आहेत? ओळीतल्या प्रत्येक घरी विचारा. समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीत आठवड्या-पंधरवड्याचंच चित्रण राहतं, ते बहुधा गेलं असेल, पण विचारायला हरकत नाही. फोटो व्हॉट्सअॅपवरून घेऊ नका, त्यात मूळ तारीख-वेळ राहत नाही. ज्याच्या फोनमध्ये आहे त्याच्याकडून मूळ फाइल ईमेलने मागवा, किंवा पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मग स्वतःचा पंचनामा लिहा. भिंत किती लांब, किती उंच, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी पडली, चर भिंतीपासून किती अंतरावर होता, राडारोडा कोणी कधी नेला, हे लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या, पत्त्यांसह. आणि पालिकेच्या विभाग कार्यालयाकडे लेखी संयुक्त पाहणी मागा, कनिष्ठ अभियंता, ठेकेदार आणि तुम्ही अशी. आले तर अहवालात तुमचं म्हणणं लिहून घ्यायला लावा, नाही आले तर ‘मागणी करूनही पाहणी झाली नाही’ हे पुढच्या पत्रात लिहा.

भेगेकडे जरा थांबून बघू, कारण वाद तिथेच होणार आहे. पालिका म्हणेल, घर जुनं आहे, भेग जुनी. मोबाइलचा टॉर्च लावून भेगेच्या आत बघा. जुन्या भेगेत धूळ काळी पडलेली असते, मागच्या रंगकामाचा रंग आत उतरलेला असतो, कधी कोळ्याचं जाळं असतं. नव्या भेगेच्या कडा तीक्ष्ण आणि आतलं प्लास्टर स्वच्छ, फिकट. स्टीलची पट्टी भेगेला आडवी धरून जवळून फोटो काढा, म्हणजे जाडी वाचता येईल. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी आणि एका टोकाला रुंद होत जाणारी भेग ही पाया खचल्याची खूण, तर सगळ्या भिंतीवर जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर तो प्लास्टरचा दोष, तो या मागणीत घालू नका. एक चुकीची बाब घातली की बाकीच्या खऱ्या बाबींवरचाही विश्वास जातो.

भेग अजून हलते आहे का, हे पाहायला काचेची पट्टी लावा. काचवाल्याकडून साधारण तीन इंच लांब, एक इंच रुंद, पातळ काचेच्या तीन पट्ट्या घ्या. भेगेवर आडव्या ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने किंवा एपॉक्सीने चिकटवा, मधला भाग मोकळा. काचेखालचा रंग खरवडून घ्या, नाहीतर भिंत हलताना रंगच सुटतो आणि काच शाबूत राहते. प्रत्येक पट्टीवर मार्करने तारीख घाला, फोटो काढा, आठवड्याने एकदा बघा. काच तडकली तर खचणं चालू आहे. पावसाळाभर हे चालू द्या. तोवर भेग बुजवायची नाही आणि रंगवायची नाही. एका परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून लेखी अहवाल घ्या. त्यात भेगेचं कारण, दुरुस्तीची पद्धत आणि खर्च, तिन्ही लिहून घ्या. त्याची फी मागणीत धरा, पावतीसह.

वरच्या मजल्याचा प्रश्न इथेच येतो आणि तो टाळून चालणार नाही. मजला विनापरवाना असला तरी त्यामुळे कोणाला तुमची कंपाउंड भिंत पाडायचा हक्क मिळत नाही. भिंत, गेट, ओटा, स्कूटर या मागणीशी त्या मजल्याचा संबंधच नाही. पण भेगेच्या बाबतीत ‘वरच्या वाढीव वजनाने भेग पडली’ असं पालिकेचा इंजिनिअर लिहू शकतो, म्हणून तर अहवाल हवा. दुसरीकडे, बांधकाम अनधिकृत असेल तर पालिका त्याची वेगळी नोटीस केव्हाही काढू शकते, तुम्ही मागणी केली काय आणि न केली काय. तेव्हा घाबरून वीस हजारांत गप्प बसल्याने तो धोका टळत नाही. सासऱ्यांच्या कपाटात बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा काही आहे का शोधा, नसेल तर नगररचना विभागात चौकशी करा. आणि वकिलाला पहिल्याच भेटीत खरं सांगा. ही गोष्ट त्यांना समोरच्या पक्षाच्या उत्तरातून कळली तर तुमचंच नुकसान.

तसंच भिंत तुमच्या प्लॉटच्या हद्दीत होती हे आधी तपासा. सिडकोच्या भाडेपट्ट्याला जोडलेला नकाशा काढा आणि टेपने मोजा. कोपऱ्याच्या घरांची भिंत फूट-दोन फूट बाहेर सरकलेली अनेकदा आढळते, आणि मग उत्तर येतं की ती भिंत अतिक्रमण होती. तसं निघालं तर मागणी मूळ हद्दीवरच्या भिंतीची करा. अर्जासोबत भाडेपट्टा किंवा हस्तांतरणाचं पत्र, चालू मालमत्ता कराची पावती आणि सगळ्या सहमालकांच्या सह्या लागतील. घर अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर सही त्यांची, ते हयात नसतील तर वारसांची.

आकडा कसा काढायचा? ‘अंदाजे दीड लाख’ असं लिहू नका. पालिकेचा अभियंता शासकीय दरसूचीवर, बाबनिहाय चालतो, तेव्हा तुमचा खर्चही त्याच साच्यात हवा. तुमची भिंत तीस फूट लांब, पाच फूट उंच, नऊ इंची धरली तर जमिनीवरचं वीटकाम एकशे साडेबारा घनफूट, विटा सुमारे दीड हजार. दोन्ही बाजूंचं प्लास्टर तीनशे चौरस फूट आणि वरच्या काठाचं वीस-बावीस. खालचा पाया वेगळा मोजा, तो नेहमी लिहायचा राहतो: खोदकाम, तळाचं काँक्रीट (दोन फूट रुंद, सहा इंच जाड असेल तर तीस घनफूट) आणि जमिनीखालचं रुंद वीटकाम. मग रंग, राडारोडा, मजुरी. गेटचं कोटेशन फॅब्रिकेटरकडून किलोच्या हिशेबाने घ्या, कारण पालिका लोखंड किलोवर धरते. वाकलेलं गेट भंगारवाल्याला देऊ नका, पाहणीत ते दिसायला हवं आणि त्याची भंगार किंमत तुमच्या रकमेतून वजा होणारच. फरश्या साठ चौरस फूट खचल्या आणि बाकी ओटा शाबूत असेल तर पालिका साठचेच पैसे देऊ करेल. तुमच्या डिझाइनची फरशी आता मिळत नाही असं दुकानदाराकडून लेखी घ्या, मगच पूर्ण ओट्याची मागणी टिकते. कोटेशन तीन घ्या, जीएसटी क्रमांक असलेल्यांकडून.

घसारा कापतील, याची तयारी ठेवा. पंचवीस वर्षांच्या भिंतीच्या जागी नवी कोरी भिंत, म्हणून काही टक्के कमी. यावर तुमचं उत्तर असं: भिंत पडायला आलेली नव्हती, आणि पंचवीस वर्षं जुनी भिंत बाजारात विकत मिळत नाही. थोडीफार कपात मान्य करावी लागेल, पण ती रंग आणि प्लास्टरवर व्हावी, पाया आणि वीटकामावर नाही.

स्कूटरचा सर्वंकष विमा असेल तर ती मागणी आधी विमा कंपनीकडे. कंपनी जे देईल त्याउपर तुमच्या खिशातून गेलेला भाग पालिकेकडे मागा. एकच नुकसान दोनदा मागितलं तर दोन्हीकडे अडचण. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पूर्ण रक्कम पालिकेकडे, अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या अंदाजपत्रकासह. घराची ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी असेल तर मजकूर वाचा. जमीन खचण्याचं संरक्षण त्यात असतं, पण खोदकामामुळे झालेलं खचणं साधारणपणे वगळलेलं असतं. तिच्यावर फार आशा ठेवू नका. मध्यंतरी पेपरात आलेला उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा आदेशही तुमच्यासाठी नाही. तो खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यू आणि जखमांबद्दल आहे, भिंतींबद्दल नाही.

आता पैसे कसे निघतात ते समजून घ्या, म्हणजे काय मागायचं ते कळेल. तुमची फाइल कनिष्ठ अभियंत्यापासून उपअभियंता, कार्यकारी अभियंता, शहर अभियंता अशी चढते, मग विधी विभाग, लेखा विभाग आणि आयुक्त. पालिकेच्या तिजोरीतून भरपाई द्यायची तर स्थायी समितीच्या मान्यतेचा प्रश्न येतो. प्रत्येक टेबलावर एकच भीती असते, उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर? पंचनामा नाही, मोजमाप नाही, तर कोणीही सही करत नाही. म्हणून पालिकेच्या पैशाऐवजी ठेकेदाराच्या पैशातून वसुली मागा. त्याच्या चालू देयकातून किंवा अनामत रकमेतून कपात करायला अधिकाऱ्याला करारातल्या अटींचाच आधार मिळतो, तिजोरीला हात लागत नाही, आणि फाइल पुढे सरकते. फक्त वेळ साधायला हवी. अंतिम देयक निघालं की हाताशी फारसं काही उरत नाही. म्हणून कार्यकारी अभियंता आणि मुख्य लेखाधिकारी, दोघांनाही याच आठवड्यात पत्र:

‘वरील कामामुळे माझ्या मालमत्तेचे नुकसान झाले असून त्याची मागणी प्रलंबित आहे. तिचा निर्णय होईपर्यंत संबंधित ठेकेदाराचे अंतिम देयक व अनामत रक्कम अदा करू नये, आणि करारातील तरतुदीनुसार सदर रक्कम राखून ठेवावी, ही विनंती.’

मुख्य अर्ज आयुक्तांच्या नावे, बेलापूरच्या सेक्टर १५ए मधल्या मुख्यालयात आवक कक्षात द्या. कलम ४८७ ची नोटीसही तिथेच द्यायची, कारण ती मुख्य कार्यालयात पोचणं कायद्याने आवश्यक आहे. ऐरोलीच्या विभाग कार्यालयात फक्त प्रत. तुमच्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. शिवाय स्पीड पोस्टानेही पाठवा. अर्ज तुम्ही स्वतः लिहा, नोटीस मात्र वकिलाकडून जाऊ द्या. नगरसेवकांना प्रत द्यायला हरकत नाही, पाहणीला ते आले तर इंजिनिअरही येतो. आणि अर्जात कुठेही ‘मदत’ किंवा ‘सानुग्रह अनुदान’ असा शब्द वापरू नका. ते आपत्तीत सरकार स्वेच्छेने देतं. तुम्ही मागताय ती नुकसानभरपाई.

पैसे घ्यावेत की भिंत? आमचं मत असं: भिंत आणि गेट ठेकेदाराकडून बांधून घ्या, ओटा, भेग आणि स्कूटरचे पैसे घ्या. भिंतीची रोख भरपाई यायला बरेच महिने जातात आणि तोवर घर उघडं. ठेकेदाराची माणसं तिथेच आहेत. पण काय बांधायचं ते लेखी ठरवून, पालिकेच्या अभियंत्याच्या सहीने. यातली मोठी गोम पायात आहे. गटाराच्या बाजूने भरलेली माती सैल असते. ती सहा-आठ इंचांच्या थरांनी, पाणी मारून, कॉम्पॅक्टरने दाबली नसेल तर नवी भिंत पहिल्याच पावसात पुन्हा कलेल. तेव्हा पाया भरावाच्या खाली मूळ घट्ट जमिनीपर्यंत न्या, नाहीतर आठ-दहा फुटांवर आरसीसी कॉलम आणि जमिनीलगत बीम घ्या. वीटकाम एकास सहा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) मसाल्यात, बाहेरचं प्लास्टर एकास चार, दोन हातांत. किमान सात दिवस पाणी. पाया भरताना प्रत्येक टप्प्याचा फोटो तुम्ही काढा, बुजवल्यावर कोणी उकरत नाही. आणि ही भिंत ठेकेदाराच्या दोष दायित्व कालावधीत (काम बिघडलं तर त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) धरली आहे, असं पालिकेकडून एका ओळीत लिहून घ्या.

दावा लावायची वेळ आलीच तर वकिलांना आधी लोकअदालतीबद्दल विचारा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत दावापूर्व प्रकरण ठेवता येतं, कोर्ट फी नाही, आणि तिथे झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी अंमलात येते, तिच्यावर अपील नसतं. मात्र लोकअदालतीच्या तारखेची वाट पाहताना ८ नोव्हेंबर निसटू देऊ नका.

आणि अखेर पैसे मिळतील त्या दिवशी पावतीवर नीट पाहून सही करा. भेगेचा निकाल लागलेला नसेल तर पावतीत बाबी नावानिशी लिहा, ‘ओटा व स्कूटर यांच्या नुकसानीपोटी रुपये अमुक मिळाले, घराच्या भिंतीतील भेगेबाबतची मागणी अबाधित ठेवून’. छापील मजकुरात ‘सर्व नुकसान’ असं असेल तर ते शब्द खोडा, खोडलेल्या जागी दोघांच्या लघुसह्या घ्या आणि प्रत हातात पडल्याशिवाय टेबल सोडू नका.